आजी स्टेजवर यायला नको का म्हणतात?

प्रश्न विचारणारे भाऊ गावच्या तरुण मंडळातले आहेत. गावात ७१ च्या लढाईत नवरा गेलेल्या एक आजी आहेत, वय पंचाहत्तरच्या आसपास. दर २६ जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. यंदा मंडळाने जरा मोठा करायचं ठरवलं, फ्लेक्स, भारीतली साडी, पाकीट, आमदारांच्या हस्ते वगैरे, आणि आजींनी निरोप धाडला की मला नको, मी काय येत नाही. तर भाऊंनी विचारलंय की साडीऐवजी दुसरं काय दिलं म्हणजे त्या येतील.

भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय म्हणून स्पष्ट लिहितो, साडीचा इथे काही संबंधच नाही. आजी गेली कित्येक वर्षं येतायत आणि आता नको म्हणतायत, म्हणजे आधीच्या सत्कारांत काहीतरी खुपलंय. ते काय ते शोधायचं सोडून आपण आणखी मोठा सत्कार घेऊन चाललोय.

मी फौजेत सतरा वर्षं क्लार्क होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि नंतर जवळजवळ तेवढीच वर्षं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कल्याण संघटक म्हणजे मोटारसायकलवर फाइल बांधून गावोगाव फिरणारा माणूस, माजी सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची कागदपत्रं, पेन्शनची अडचण, मुलांची शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा अर्ज, ७ डिसेंबरला ध्वजदिन आला की निधीचं टार्गेट. आणि हो, सत्कार. असे दोनशे तरी सत्कार पाहिले असतील, त्यातले बरेच मीच भरवलेत, त्यामुळे खाली ज्या चुका लिहितोय त्यातल्या अर्ध्या माझ्याच आहेत.

आधी हे सांगून ठेवतो की तुमच्या आजींना नक्की काय खुपलं ते मी इथे बसून सांगू शकत नाही. प्रत्येक घराचं वेगळं असतं. कुणाला गुडघे दुखतात आणि तीन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवत नाही एवढंच असतं. कुणाच्या घरात पेन्शनवरून दिराशी बोलणं बंद असतं आणि तो दीर त्याच स्टेजवर बसलेला असतो. कुणी दुसरं लग्न केलेलं असतं आणि जुन्या नावाने पुकारलेलं आवडत नाही, तर कुणाला दुसरं लग्न करूनही त्याच नावाने पुकारलेलं आवडतं. पण काही गोष्टी इतक्या वेळा दिसल्या की त्या सांगायलाच हव्यात.

पहिली गोष्ट हळदीकुंकवाची. एका गावात, नाव नको, मीच ध्वजदिनाचा कार्यक्रम ठेवला होता. पुढच्या रांगेत चार बायका, त्यातली दुसरी वीरपत्नी, तिच्यासाठीच सगळं चाललेलं. सरपंचबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या, पहिल्या खुर्चीला कुंकू लावलं आणि हात सरळ तिसऱ्या खुर्चीकडे गेला. मुद्दाम केलं असं नाही, हाताला वळणच तसं पडलेलं. त्या वीरपत्नीने काय केलं तर पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि तबकाला वाट द्यायला गुडघे बाजूला घेतले. अर्ध्या मिनिटाची गोष्ट. पाच मिनिटांनी आम्ही तिच्या नावाने टाळ्या वाजवल्या. मी ते तबक बघितलं आणि काही बोललो नाही, घरी आल्यावर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग बोलावलं कशाला होतंत तिला?"

तेव्हापासून माझ्या कार्यक्रमात एकतर कुंकू सगळ्यांना, त्यांना आदल्या दिवशी विचारून, नाहीतर कुणालाच नाही. ओटी भरायची असेल तर तिचीही भरायची. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव केला की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे आमच्या गावात बंद, आणि मग राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. तुमच्या ग्रामसभेत असा ठराव आलाय का, नसेल तर मंडळाने हाच विषय घ्या, फ्लेक्सपेक्षा स्वस्त पडेल. आणि एक, ज्येष्ठ बायकांपैकी काहीजणींनी पन्नास वर्षं कुंकू लावलेलं नसतं, त्यांना एकदम स्टेजवर चारशे लोकांसमोर कुंकू लावून "परिवर्तन" करायला जाऊ नका, तोही त्रासच. घरी विचारा, हो म्हणाल्या तर हो.

दुसरी गोष्ट, आणि ७१ वाल्या आजींच्या बाबतीत ही मला सगळ्यात मोठी वाटते. आज जवान गेला तर देह गावात येतो, तिरंगा, सलामी, फुलांची गाडी, पंचक्रोशी लोटते, टीव्हीवाले येतात. हे सर्रास सुरू झालं ते १९९९ च्या कारगिलपासून. ६२, ६५, ७१ मध्ये बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडेच आघाडीजवळ उरकले जायचे. गावात यायची ती तार, आणि काही महिन्यांनी पलटणीकडून त्याची ट्रंक. म्हणजे तुमच्या आजींनीही बहुधा नवऱ्याचं तोंड बघितलेलं नाही, अंत्ययात्रा नाही, गावाने कधी निरोपच दिला नाही त्याला. आणि त्या आता दरवर्षी टीव्हीवर दुसऱ्यांच्या सलाम्या बघतात.

अशाच एका आजींकडे मी हयातीच्या दाखल्याच्या कामाला गेलो होतो. काम झालं, चहा झाला, मी सहज विचारलं, साहेब कुठल्या पलटणीत होते. त्या उठल्या आणि माळ्याखालची काळी ट्रंक ओढली, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत लोकरीचे मोजे, पितळेचं बक्कल, आंतर्देशीय पत्रांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा आणि कागदात गुंडाळलेली दाढीच्या साबणाची अर्धी वडी. वडी नाकाजवळ नेऊन म्हणाल्या, "वास गेला आता. पण टाकवत नाही." मग सांगायला लागल्या की तार शाळेच्या मास्तरांनी वाचली, घडी करून स्वतःच्या खिशात घातली आणि हिला संध्याकाळपर्यंत सांगितलंच नाही, त्यादिवशी ही दुपारभर ज्वारीच्या रानात राखणीला होती, गाणी म्हणत. एकोणीस वर्षांची पोर. दीड तास बोलल्या. शेवटी म्हणाल्या की पन्नास वर्षांत मला कुणी त्यांच्याबद्दल विचारलं नाही, सगळे विचारतात पेन्शन किती मिळते.

तर भाऊ, हे घ्या माझं उत्तर, बाकी सगळं यातच आलं. सत्काराच्या आधी आजींच्या घरी जा, दोघंच जा, कॅमेरा न घेता, आणि आजोबांबद्दल विचारा. काय द्यायचं, कोणाच्या हस्ते, कधी, हे सगळं त्या गप्पांतून आपोआप ठरतं. नाही म्हणाल्या तर नाही, तेही मान्य करायचं, रुसवा काढायला दहा जणांनी जायचं नाही.

गप्पा करायला जाताना थोडी तयारी करून जावा. आजोबांचा सैनिक क्रमांक, हुद्दा, पलटण, तारीख आणि ठिकाण या पाच गोष्टी मिळवा. त्यांच्या जुन्या कागदांत पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश असेल, त्यावर नंबर सापडतो, आणि नंबरवरून रेजिमेंट कळते. मग त्या त्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर लोकांचं, खडकीला. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र गेलं तर उत्तर लवकर येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, जे २५ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालं, त्यागचक्राच्या भिंतीत ग्रॅनाइटच्या विटा आहेत, स्वातंत्र्यानंतर गेलेल्या पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं, एकेका विटेवर एकेकाचं. त्यात आजोबांचं नाव आहे हे घरच्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं. तिथे संध्याकाळी जवानाच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहण्याचीही पद्धत आहे. पुण्यात घोरपडीजवळ सदर्न कमांडचं युद्ध स्मारक आहे, लोकवर्गणीतून उभारलेलं, १९९८ चं. आजींना दिल्ली झेपणार नसेल तर पुणे झेपेल, आमदारांच्या स्वागताच्या फटाक्यांचे पैसे वाचवलेत तर गाडीभाडं निघतंय.

नावाचं स्पेलिंग तपासा, दहा वेळा. रेकॉर्डला नावं इंग्रजीत, क्लार्क कुठला असेल त्याप्रमाणे लिहिलेली, मी स्वतः क्लार्क होतो त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही. पण फ्लेक्सवर भलताच हुद्दा, नेटवरून उचललेला दुसऱ्याच कुणाचा फोटो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे "शहीद अमुक अमुक यांच्या पत्नी" एवढंच, तिचं स्वतःचं नावच नाही, असले फ्लेक्स मी ढीगभर पाहिलेत. सन्मानपत्र तिला देताय ना, मग तिचं नाव लिहा की. पहिलं, ठळक.

गावाबाहेर मारुतीच्या देवळाशेजारी वीरगळ, म्हणजे लढाईत गेलेल्या वीराचा कोरीव दगड, असेल तुमच्याकडे, आपल्याकडे गावोगाव आहेत. खाली लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, वर पिंडीची पूजा, डोक्यावर चंद्रसूर्य. एवढं सगळं कोरलंय पण बहुतेकांवर नाव नाही, म्हणून आज आपण त्याला नुसतं तेल-शेंदूर लावतो आणि कुणाचा ते विचारलं तर म्हातारेही खांदे उडवतात. शेजारी सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईचा दगड, असली तर त्यावर कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात असतो. दगडातल्या बांगड्यांना आपण नमस्कार करतो, आणि जी मागे राहून शेती करते, पोरं शिकवते तिच्या हातातल्या मात्र फोडल्या. असो, विषय भरकटला. सांगायचं एवढंच की शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर एक साधी संगमरवरी पाटी, नाव, पलटण, तारीख, ठिकाण, एवढं केलंत तरी पुढच्या पिढीला विचारायची पाळी येणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलंय आणि तिथे पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठीचा दगड अजून आहे. तिथल्या पोरांना कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

ठिकाण आणि प्रसंग कळला तर कार्यक्रमात तो सांगा, साध्या भाषेत. समजा आजोबा पहिल्या मराठात, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, जंगी पलटण म्हणतात तिला, तर ती डिसेंबर ७१ ला पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होती. आपली पलटण गावाच्या दक्षिणेला वळसा घालून रस्ता अडवून बसली, शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर समोरच्या कमांडरने उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, आणि १० तारखेच्या रात्री ते फोडून बाहेर पडायला आले तेव्हा या लोकांनी अडवलं. पोरांना हे सांगितलं की पोरं हलत नाहीत जागची. त्याऐवजी आपण वीस मिनिटं "देशासाठी बलिदान, अमर रहे" हेच फिरवत बसतो. आजोबा दुसऱ्या पलटणीचे निघाले तर त्या पलटणीचं सांगा, उगाच जमालपूर चिकटवू नका.

तारखेचं बोलू. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला वीरपत्नींना एकाच दिवशी तीन-तीन ठिकाणची आमंत्रणं असतात, तहसील, शाळा, एखादी पतसंस्था, आणि बाकी वर्षभर कुणी फिरकत नाही. तुम्ही आजोबा गेले ती तारीख धरा. डिसेंबरातली असेल तर १६ डिसेंबरचा विजय दिवस जवळच येतो. सकाळी, चाळीस मिनिटांत आटपायचं. आजींना न्यायला-आणायला गाडी, पाठ टेकायची खुर्ची, जवळ बाथरूम. पाहुण्यांची वाट बघत त्यांना बसवायचं नाही, पाहुण्याला उशीर झाला तर शाळेतल्या पोरीच्या हातून करून मोकळं व्हायचं. मला विचाराल तर गावातले माजी सैनिक बोलवा, टोपी-मेडल घालून चार जण उभे राहिले आणि त्यांनी कडक सॅल्यूट केला की त्या बाईला जे वाटतं ते आमदारांच्या हाराने वाटत नाही. आजोबांची मेडल्स घरात असतील तर आजी ती लावू शकतात, घरच्यांनी ती उजव्या बाजूला लावायची असतात, डाव्या बाजूला ज्याने मिळवली त्याने. पत्र्याच्या डब्यातून ती मेडल्स काढून पहिल्यांदा पदरावर लावतानाचे एका आजींचे हात मी पाहिलेत, पिन लावायला नातीला बोलवावं लागलं. बिगुलाचं रेकॉर्डिंग मोबाईलवरून लावणार असाल तर आधी विमान मोडवर टाका, आमच्याकडे दोन मिनिटांच्या शांततेत एकदा लोनवाल्या बाईचा फोन स्पीकरवर वाजलाय.

पाकीट स्टेजवर द्यायचं नाही आणि रक्कम माईकवर तर अजिबात सांगायची नाही. मदत द्यायचीच असेल तर घरी, गुपचूप, आणि आधी गरज आहे का ते बघून. साडी द्यायची तर पांढरट, फिकट अशी "त्यांना शोभेल" म्हणून निवडू नका, नातीला सांगा आजीला दुकानात घेऊन जा. आजोबांची आई किंवा बहीण हयात असेल तर तिलाही बोलवा. नवीन प्रकरणांत हे फार लागतं, वीरमाता आणि वीरपत्नी यांचं आपसात पटत नसेल तर दोघींना दोन वेगळ्या ओळी, दोन वेगळी सन्मानपत्रं, कोण मोठी यात गावाने पडायचं नाही.

शब्दांचंही होतं. शहीद हा शब्द आपण सगळेच वापरतो, वापरा, पण फौजेच्या कागदात तो सापडणार नाही. तिथे बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी असे दोन रकाने असतात, आणि पेन्शनही त्यावरून बदलते, लढाईत गेला तर लिबरलाइज्ड, ड्युटीमुळे अपघात किंवा आजाराने गेला तर स्पेशल, नाहीतर साधी फॅमिली पेन्शन. पेन्शनचा हिशोब सरकारने करावा, गावाने तोच हिशोब सत्काराला लावू नये. तुमच्याच गावात ड्युटीवर गाडी उलटून गेलेला, आजारात गेलेला एखादा असेल, त्याची बायको चाळिशीतली असेल आणि तिला आजवर कुणी एक नारळ दिला नसेल. तिच्या दारावरूनच तुमचा फ्लेक्स लावायचा टेम्पो जातो. त्याचंही नाव पाटीवर घ्या.

तरुण वीरपत्नींबद्दल एक, कारण हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरात असेल. गावाला त्यागमूर्ती हवी असते, पांढऱ्या साडीत बसलेली. साताऱ्याच्या कर्नल संतोष महाडिकांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या, मेजर कौस्तुभ राणेंच्या पत्नी कनिका राणेही झाल्या, त्यांचं कौतुक आपण सगळ्यांनी केलं. पण एखादीने बँकेत नोकरी धरली, ड्रेस घातला किंवा दुसरं लग्न केलं की तेच गाव कुजबुजतं. कायदाही फार वेगळा नव्हता हो, शौर्यपदक मिळालेल्याच्या विधवेने दुसरं लग्न केलं तर पदकाचा भत्ता बंद व्हायचा, फक्त दिराशीच लग्न केलं तर चालू राहायचा. ही अट निघाली नोव्हेंबर २०१७ मध्ये.

आता कामाचं. सत्कार एका दिवसाचा, पण मंडळातल्या दोन पोरांनी, शक्यतो एक मुलगी असावी, आजींचे कागद अंगावर घ्या. पेन्शन आता स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर गेलीय, वर्षातून एकदा हयातीचा दाखला ऑनलाइन, आजींचं बोट मशीनवर उमटत नाही, शेतात राबलेल्या हातांचं नाहीच उमटत, मग बुबुळाचं किंवा चेहऱ्याचं करावं लागतं आणि ते राहिलं की पेन्शन थांबते. नावात फरक, माहेरचं नाव एका कागदावर सासरचं दुसऱ्यावर, हे आता सुधारून घ्या. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे का बघा, औषधांचा खर्च वाचतो. आणि घरपट्टी. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या घरपट्टीत सूट द्यायची राज्याची योजना २०२० पासून आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत अर्ज करायचा. एका ग्रामपंचायतीच्या दारात "वीरपत्नींचे हार्दिक स्वागत" असा फ्लेक्स आणि आत त्याच बाईच्या नावावर थकबाकीची नोटीस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सरपंच चांगला माणूस होता, त्याला माहीतच नव्हतं.

म्हणजे क्रम असा ठेवा, आधी घरी जाणं, मग कागद, मग पाटी, आणि आजींना हवा असेल तरच सत्कार. तुमच्याकडे आत्ता सगळं उलटं चाललंय.

पहिल्या भेटीत आजोबांचा फोटो मागाल तेव्हा मूळ फोटो घरातून हलवू नका, "उद्या आणून देतो" म्हणून नेलेले फोटो परत येत नाहीत हे प्रत्येक वीरपत्नीला ठाऊक आहे आणि कदाचित तुमच्या आजी त्यावरूनच चिडल्या असतील. त्यांच्यासमोर उजेडात धरून मोबाईलवर काढा. ट्रंक असली तर त्यांनाच उघडू द्या. झाकणावरचा नंबर मिळाला की पलटण शोधायला अडलात तर विचारा, मी इथे असतो रात्री नऊनंतर.